वाचण्यापुरती परवानगी

आमच्या इस्पितळात पूर्वी एकच पासवर्ड होता, आणि तो स्वागतकक्षातल्या संगणकावर चिकटपट्टीने चिकटवलेला होता. डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळेतली माणसं, औषधांच्या खिडकीवरची बाई, सगळे त्याच एका नावाने आत शिरायचे आणि हव्या त्या पेशंटची फाइल उघडायचे. निर्मळच्या रस्त्यावरचं चाळीस खाटांचं हे ट्रस्टचं इस्पितळ. येणारे सगळे आजूबाजूच्या गावांतले, एकमेकांना ओळखणारे. तिथे कोणाला काय झालंय हे कळायला वेळ लागत नाही, असं म्हणून लोक हसायचे. मग एका मुलीचा क्षयरोगाचा रिपोर्ट कोणीतरी सहज उघडून पाहिला आणि एका लग्नात सहज बोलून गेलं. त्या मुलीने औषध घ्यायला येणंच बंद केलं. ती पुन्हा आली तेव्हा तिला स्ट्रेचरवरून आणावं लागलं.

ट्रस्टच्या लोकांनी मला बोलावलं ते त्यानंतर. मी क्लेमेंट तुस्कानो. सव्वीस वर्षं मुंबईत एका बँकेच्या संगणक सुरक्षा विभागात काढली आणि मुदतीआधी निवृत्ती घेऊन गावी आलो होतो. घरी मी आणि बायको इनेझ, दोघंच. मोगऱ्याची थोडी लागवड, थोडी केळी. दिवसभर झाडांना पाणी घालण्याचा माझा स्वभाव नाही, हे इनेझला माझ्याआधी कळलं होतं. तीच म्हणाली, जा.

मी कामाला लागलो तो एकच नियम धरून. ज्याला कामासाठी जेवढं लागतं तेवढंच दिसेल, त्याहून एक ओळ जास्त नाही. स्वागतकक्षाला नाव आणि पत्ता. प्रयोगशाळेला फक्त तपासण्या. नर्सला तिच्या वॉर्डातल्या खाटा. त्र्याहत्तर माणसांची त्र्याहत्तर खाती उघडली, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. कोणाला जास्तीचं काही पाहायचं असेल तर कारण लिहून सहीचा कागद द्यायचा, मग मी परवानगी देणार. दिलेली प्रत्येक परवानगी यंत्रणेत नोंदली जायची: कोणी दिली, कधी दिली, कोणी कुठलं पान उघडलं, किती वेळ उघडं ठेवलं. सुरुवातीला लोक चिडले. एका डॉक्टरांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. मी मागे हटलो नाही. ती मुलगी मी पाहिली होती.

मला बसायला दिलेली खोली म्हणजे पूर्वीची चादरी ठेवायची जागा. समोरच बायकांच्या वॉर्डाचं दार. मधल्या वऱ्हांड्यात एक कॅमेरा, त्यात माझं दार आणि वॉर्डाचं दार दोन्ही येतात. माझ्या हाताखाली उन्नती नावाची मुलगी होती, विरारच्या मनवेलपाड्यातून स्कूटरवर यायची. चोवीस वर्षांची, कामात चोख, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही.

दर सोमवारी मी याद्या तपासायचो. कोणत्या फाइलला कोणाला परवानगी आहे, ती अजून लागते का. गेल्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी बायकांच्या वॉर्डाच्या फाइली पाहत होतो. नऊ नंबरच्या खाटेवर एक बाई होती, बारा दिवसांपासून बेशुद्ध. आचोळ्याच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी वाहनाने उडवली होती. डोक्याला मार, मेंदूला सूज. अंगावर पिशवी नाही, फोन नाही. पोलिसांनी पंचनामा केला, फोटो फिरवला, पण विचारायला कोणी आलं नव्हतं. फाइलवर नावाच्या जागी ‘अनोळखी महिला, वय अंदाजे पंचेचाळीस’ असं लिहिलं होतं.

तिच्या फाइलच्या यादीत सहा जण असायला हवे होते, दोन डॉक्टर आणि चार नर्स. सात ओळी होत्या. सातव्या ओळीत नावाचा रकाना कोरा होता. परवानगीचा प्रकार: फक्त वाचणे. परवानगी देणारा: क्लेमेंट तुस्कानो. वेळ: आदल्या दिवशी दुपारी तीन एकोणसाठ.

आदल्या दिवशी रविवार होता. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर मी इस्पितळात आलो होतो खरा, पण अशी परवानगी मी दिली नव्हती. शिवाय नाव कोरं ठेवून खातं बनवायला ती यंत्रणा परवानगीच देत नाही. मी उन्नतीकडून तीनदा करवून पाहिलं. तीनही वेळा लाल अक्षरांत चूक दाखवली गेली.

‘सर, एरर असेल ना काहीतरी,’ ती म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. मी ती ओळ पुसली आणि पुढच्या फाइलकडे वळलो.

मंगळवारी सकाळी ती ओळ परत आलेली होती. देणारा मी. वेळ सोमवार, तीन एकोणसाठ.

या वेळी मी मागच्या सगळ्या नोंदी काढल्या. बाई दाखल झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज तीन एकोणसाठला परवानगी मिळत होती आणि बरोबर चार वाजता फाइल उघडली जात होती. पहिलं पान, मग दुसरं, मग तिसरं. नाव-पत्त्याचं पान, तपासण्या, डॉक्टरांचे शेरे, तापाचा तक्ता, कितीला कोणतं औषध दिलं. एकही पान वगळलेलं नाही. एका पानावर जेवढा मजकूर, त्या हिशेबात वेळ लागलेला. शेवटचं पान झालं की पुन्हा पहिलं. सहा वाजता फाइल बंद. वाचणाऱ्याने कुठे काही बदललं नव्हतं, उतरवून घेतलं नव्हतं, छापलं नव्हतं. रात्री दहाला परवानगी आपोआप निघून जात होती, म्हणूनच आधीच्या सोमवारी ती माझ्या नजरेला पडली नव्हती. मग गेल्या दोन दिवसांपासून ती का टिकून राहत होती, याचा उलगडा मला झाला नाही.

चार ते सहा ही आमच्याकडे पेशंटना भेटायची वेळ.

मी माझा पासवर्ड बदलला. संगणकावरचं सगळं पुसून तो पुन्हा उभा केला. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांच्या माणसाने दोन दिवस तपासून मला अगदी सभ्य शब्दांत सांगितलं, की परवानगी तुमच्याच संगणकावरून, तुमच्याच पासवर्डने, कळफलकावर टाइप करून दिली जातेय. बाहेरून कोणी शिरलेलं नाही. त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच अर्थ काढला असता.

वॉर्डाच्या मुख्य नर्स होत्या सिस्टर जोआना. तीस वर्षं नोकरी झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या वॉर्डातलं कोणी चोरून फाइल पाहतं का, हे मला आडून आडून काढून घ्यायचं होतं. मी विचारलं, नऊ नंबरला भेटायला कोणी येतं का?

कोणी येत नाही, त्या म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी सांगितलं, की तरी त्या बाईकडे चार ते सहा बघावंच लागत नाही. एरवी दिवसभर तिची नाडी वरखाली होते, हातपाय झाडते, कण्हते. चार वाजले की शांत. आणि आणखी एक गोष्ट. भेटायच्या वेळी वॉर्डात स्टुलं कमी पडतात, लोक एकमेकांच्या खाटेजवळची उचलून नेतात. नऊ नंबरजवळचं स्टूल रिकामं असतं, पण ते कोणी उचलत नाही.

‘मी एकीला म्हटलं, ते घ्या की,’ सिस्टर म्हणाल्या. ‘तर म्हणाली, तिथे कोणीतरी आहे ना. मग स्टुलाकडे बघितलं, तर तिलाच कळेना आपण असं का म्हणालो ते.’

मी खोलीत येऊन उन्नतीला वऱ्हांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काढायला सांगितलं. माझ्या गैरहजेरीत माझ्या खुर्चीवर कोणी बसत असेल तर ते त्यात दिसणार होतं. एवढी सोपी गोष्ट आधी का सुचली नाही, याचा मला रागच आला.

चित्रणात आवाज नसतो. वेळ उजव्या कोपऱ्यात. तीन अठ्ठावन्नला वऱ्हांडा रिकामा होता. माझं दार उघडं, आत मी, पडद्याकडे बघत बसलेला. तीन एकोणसाठला माझे ओठ हलले. एकच शब्द. डोळे पडद्यावरून हलले नाहीत. मग माझी बोटं कळफलकावर चालली, दहा-बारा सेकंद, सराईतपणे. मग मी कप उचलून चहा प्यायलो.

वऱ्हांड्यात कोणी नव्हतं.

आम्ही त्याच्या आदल्या दिवसाचं पाहिलं. त्याच्या आदल्या दिवसाचं पाहिलं. एकूण एक दिवस तेच. कामात गढलेला माणूस दारातल्याला मान वर न करता उत्तर देतो, तसं.

उन्नतीने खुर्ची थोडी मागे घेतली.

‘सर,’ ती म्हणाली, ‘तुम्ही कोणाला तरी “जा” म्हणताय.’

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. चहा आठवत होता. कप कुठे ठेवला तेही आठवत होतं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन इनेझला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू या म्हणाली. मी तेही केलं. वसईच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, तारा लावून आलेख काढला. काही दोष नाही, झोप पुरेशी घ्या, म्हणाले. उरला तो मी आणि माझा नियम. ओळख पटल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. सव्वीस वर्षं मी तेच केलं होतं आणि आता दारात कोण उभं आहे हे न बघताच मी ‘जा’ म्हणत होतो. हे थांबवायचंच, असं मी ठरवलं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मी माझा संगणक बंद केला आणि त्याची तार काढून उन्नतीच्या पर्समध्ये ठेवायला दिली. मी दाराकडे तोंड करून, रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसलो. उन्नती कोपऱ्यातल्या दुसऱ्या संगणकावर नऊ नंबरची यादी उघडून बसली; कालची कोरी ओळ मी सकाळीच पुसली होती. मी काही बोललो, काही केलं, तर तिने वेळेसकट कागदावर लिहायचं होतं. बाहेर आवारात कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. वॉर्डाच्या दाराशी भेटायला आलेली चारपाच माणसं ताटकळत होती. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात शहाळं.

तीन एकोणसाठला मला ऐकू आलं.

‘आत जाऊ का?’

साधा आवाज होता. बाईचा की पुरुषाचा हे मला सांगता आलं नसतं, पण दारातून आला एवढं नक्की. रोज ऐकतो असा ओळखीचा वाटला, इतका की ‘जा’ हा शब्द माझ्या ओठांवर येऊनही गेला. मी दात घट्ट मिटून घेतले.

दारात कोणी नव्हतं. पलीकडची माणसं आमच्याकडे पाठ करून उभी होती.

‘कोण?’ मी विचारलं.

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिला काही ऐकू आलं नव्हतं, हे तिने नंतर सांगितलं. पंख्याचाच आवाज होता म्हणाली.

‘आत जाऊ का?’

चारची घंटा झाली. वॉर्डाचं दार उघडलं, माणसं आत गेली. वऱ्हांडा रिकामा झाला.

‘नाव सांगा,’ मी म्हणालो. ‘कोणाकडे आलात? तुम्ही तिचे कोण?’

पुन्हा तेच तीन शब्द, त्याच सुरात. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. पाळी येईपर्यंत थांबायची सवय असलेल्या माणसासारखं.

मी उत्तर दिलं नाही. चार पाच झाले. चार सात. दर मिनिटाला एकदा तो प्रश्न येत होता. मी मोजत होतो. माझ्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

‘यादीत काही नाही, सर,’ उन्नती हळूच म्हणाली. ‘सहाच नावं आहेत.’

म्हणजे ते माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं तर कोणी आत जाऊ शकत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

चार बाराला वॉर्डातून धावपळ ऐकू आली. भेटायला आलेल्या एकाला बाहेर काढलं. सिस्टर जोआनांनी डॉक्टरांना हाक मारली. मी उठून वॉर्डाच्या दारात गेलो. नऊ नंबरच्या खाटेभोवती दोन नर्स होत्या. ती बाई मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करत होती, कोणाला शोधत असल्यासारखी. डोळे मिटलेले. यंत्रावर नाडीचा आकडा उतरत होता. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. खाटेशेजारचं स्टूल रिकामं होतं.

‘आत जाऊ का?’ माझ्या मागे कोणीतरी विचारलं. अगदी मागे.

मी वळलो नाही.

बेचाळीस.

सिस्टर जोआनांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, ‘रोज येतात त्यांना आज कोणी अडवलंय का?’

एकोणचाळीस.

मी ज्या मुलीसाठी एवढी दारं बंद केली होती, ती मला आठवली. दारं मी माणसं जगावीत म्हणून बंद केली होती.

‘जा,’ मी म्हणालो. मोठ्याने, पूर्ण शुद्धीत.

माझ्या उजव्या खांद्याला गार लागलं, आणि लगेच गेलं.

मी खोलीत परतलो. उन्नतीला बाजूला सरकायला सांगितलं आणि तिच्या संगणकावर माझ्या नावाने आत शिरलो. नऊ नंबरची यादी. नवी ओळ. नावाचा रकाना मी कोरा ठेवला. फक्त वाचणे. वेळ चार सतरा.

लाल अक्षरं आली नाहीत. यंत्रणेने ओळ घेतली.

पुढच्याच क्षणी पहिलं पान उघडलं.

वॉर्डातला गलबला हळूहळू कमी झाला. साडेचारला सिस्टर येऊन सांगून गेल्या, नाडी बहात्तर.

त्या दिवशी मी सहीचा कागद स्वतःच भरला. कोणासाठी, या रकान्यात लिहिलं, ठाऊक नाही. कारण, या रकान्यात लिहिलं, भेट. खाली सही केली आणि फाइलला लावून ठेवला. उन्नतीला मी म्हणालो, की हे चूक आहे हे मला माहीत आहे, आणि चुकीची जबाबदारी माझी आहे, तिची नाही. ती म्हणाली, ‘मग मी पण सही करते. साक्षीदार म्हणून.’ तिने केली. त्या दिवसापासून मी रोज तीन एकोणसाठला मान वर करून ‘जा’ म्हणायचो आणि स्वतःच्या हाताने ओळ घालायचो. निदान काय करतोय ते कळत तरी होतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी बाईने डोळे उघडले. तीन दिवसांनी बोलली. नाव विनया. मूळची कणकवलीकडची, नवरा गेल्यावर आचोळ्यात एकटी राहत होती, ब्लाउज शिवायची. गावी भाऊ होता. त्याला वाटत होतं बहिणीचा फोन बिघडला असेल. तो रातोरात निघून आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसून लहान मुलासारखा रडला. फाइलवरचं ‘अनोळखी महिला’ खोडून मी तिथे विनयाचं नाव घातलं.

तिला घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. शेजारचं स्टूल मी घेतलं नाही, उभाच राहिलो असतो, पण सिस्टरांनी खुर्ची आणून दिली. तुम्हाला मधलं काही आठवतं का, मी विचारलं.

थोडं थोडं आठवतं, विनया म्हणाली. काळोख होता. पण रोज कोणीतरी येऊन वाचून दाखवायचं. ताप किती आला, रक्तात काय निघालं, डॉक्टरांनी काय लिहिलंय, सगळं. आपल्याला काय झालंय, आपण कुठे आहोत, हे तिला त्यातून कळत गेलं, म्हणून ती घाबरली नाही. नाहीतर त्या काळोखात आपण मेलोच असं तिला वाटलं असतं.

‘फक्त एक व्हायचं,’ ती जरा हसली. ‘रोज सुरुवात करायचं, अनोळखी महिला, वय अंदाजे पंचेचाळीस. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, एक्केचाळीस.’

कोण होतं ते, मी विचारलं.

तिला सांगता आलं नाही. इस्पितळातलंच कोणी असेल असं तिला वाटत होतं. तिने मला विचारलं, की त्यांना भेटता येईल का, आभार मानायचे होते. मी म्हणालो, बघतो.

‘एक दिवस उशीर झाला त्यांना,’ विनया म्हणाली. ‘मी फार घाबरले होते. आल्यावर म्हणाले, दारात अडवलं होतं. पण साहेब चांगले आहेत म्हणाले. आता कुठेही जायला नाही म्हणायचे नाहीत.’

दुसऱ्या दिवशी ती भावाबरोबर गेली. मी तिच्या फाइलवरची कोरी ओळ पुसली आणि संध्याकाळपर्यंत थांबलो. तीन एकोणसाठला काही ऐकू आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पाच दिवस गेले. सोमवारच्या याद्या तपासायचं काम मी उन्नतीकडे सोपवलं होतं. माझ्यावर कोणीतरी नजर ठेवायला हवी, असं मीच ट्रस्टला लिहून दिलं होतं.

गेल्या सोमवारी दुपारी सव्वातीनला ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बसली नाही.

‘सर, काल एक नवीन फाइल झालीय,’ ती म्हणाली. ‘तुम्हीच केलीय. तीन एकोणसाठला.’

तिने नाव सांगितलं नाही. पडदा माझ्याकडे वळवला.

इनेझ तुस्कानो. वय चौपन्न. पत्ता आमच्या घराचा. वॉर्डाचा रकाना कोरा, खाटेचा रकाना कोरा. इनेझ या इस्पितळात कधी पेशंट म्हणून आलेली नाही. फाइलच्या यादीत एकच ओळ होती, नावाशिवायची. फक्त वाचणे. फाइलीतली पानं: शून्य. तरी ती काल चारला उघडली होती आणि सहाला मिटली होती. दोन तास कोणीतरी ती कोरी फाइल वाचत बसलं होतं.

मी चित्रण लावलं. काल रविवार, वऱ्हांड्यात ऊन होतं. तीन एकोणसाठला मी मान वर केली. या वेळी बराच वेळ ऐकत होतो. मधूनमधून मान डोलावत होतो. मग मी उठलो, दारापर्यंत आलो आणि हात लांब करून रस्ता दाखवला. वॉर्डाकडे नाही. फाटकातून बाहेर, देवळाच्या दिशेने, जिथून तळ्याला वळसा घालून आमच्या घराकडे जाता येतं. वळण कसं घ्यायचं तेही मी हाताने दाखवत होतो.

मी घरी फोन लावला. इनेझ लगेच बोलली. मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसले आहे म्हणाली. बरी आहेस ना, मी विचारलं. मला काय झालंय, ती म्हणाली. काल दुपारी जरा पडले होते तेव्हा तेवढा डोळा लागला होता, चांगली दोन तास झोपले, एरवी दुपारची झोपत नाही. मी तिला सांगितलं, की घरातच थांब, मी येतोय, आपल्याला आत्ता डॉक्टरांकडे जायचंय, डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून घ्यायचंय. तिने कारण विचारलं नाही. माझा आवाज ती तीस वर्षं ओळखते.

उन्नतीला मी सांगितलं, की मी चारच्या आत घरी पोचतो, आणि आज मी कोणालाही काहीही म्हणणार नाही. सिस्टर जोआनांना खाट तयार ठेवायला सांग. डॉक्टरांना थांबवून धर. ती मान हलवून धावत गेली. मी गाडीची किल्ली घेतली.

निघता निघता मी ती फाइल मिटून पुन्हा एकदा उघडून पाहिली. पानांच्या रकान्यात आता शून्य नव्हतं. एक होतं.

ती यंत्रणा मी उभी केली आहे. तिच्यात मला दिसणार नाही असं काही नाही, तसा रकानाच नाही. मी ते पान उघडायला गेलो. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर एक ओळ आली, इतर सगळ्यांसाठी मीच कधीतरी लिहून ठेवलेली.

आपल्याला ही माहिती पाहण्याची परवानगी नाही.